नागपुरात पूर येऊन आठवडा झाला, आता मदतीला जाऊन काही उपयोग आहे का?

मानेवाड्याचा_पिंट्या (शनिवार, ३० सप्टेंबर २०२३, रात्री ९.४०)

नमस्कार मंडळी. प्रश्न जरा लाजतच विचारून राहिलो.

मी मानेवाड्यात राहतो, नोकरी मिहानमध्ये. २२ तारखेला मामाकडे महालक्ष्म्यांचं जेवण होतं. सोळा भाज्या, आंबील, पुरणपोळ्या असं सगळं रेटून घरी आलो आणि असा झोपलो की पाऊस ऐकूच आला नाही. सकाळी फोन उघडला तर मोरभवन बसस्टँडवरच्या बसेस पाण्यात, अंबाझरी तलाव ओसंडलेला, नाग नदी घराघरांत आणि लोकांना बोटीतून काढून राहिलेले. आपल्याच गावात बोट चालते हे व्हिडिओ तीनदा पाहिला तरी खरं वाटेना. आमच्या गल्लीत तर डबकंही साचलं नव्हतं.

मग आठवडाभर ऑफिस, मग विसर्जन. असा आठवडा गेला. आता उद्या रविवार, परवा गांधी जयंती, दोन दिवस मोकळे आहेत. आम्ही आठ जण आहोत, सगळे क्रिकेटच्या ग्रुपमधले, अंगमेहनतीला ना नाही. पण काही गोष्टी कळत नाहीत.

आता फार उशीर झाला का? लोक म्हणतील, आठ दिवसांनी उगवले. आईने जुन्या कपड्यांची दोन पोती भरून ठेवली आहेत, ती न्यावी का? बिस्किटाचे चाळीस पुडे घेतलेत. थेट कोणाच्या दारात जाऊन ‘काही मदत हवी का’ विचारलेलं बरं दिसतं का? आणि आमच्यातला एक म्हणतो, अंबाझरी लेआउट, डागा लेआउट म्हणजे बंगलेवाले, त्यांना आपली काय गरज. त्याचंही थोडं पटते.

ज्यांच्या घरात पाणी शिरलं होतं किंवा जे मदतीला गेले होते, त्यांनी सांगा.

---

कुंठित_करदाता

उपयोग एकच. तुम्ही गाळ काढा म्हणजे ज्यांचं काम आहे ते मोकळे. उद्या सकाळी दहा वाजता देशभर झाडू मारायचा कार्यक्रम आहेच, तिथे जा, फोटोही चांगला येईल. आधी तलावाच्या तोंडाशी काय काय बांधून ठेवलं त्याचा हिशेब मागा, मग फावडं उचला.

---

निवृत्त_विज्ञानबाई

करदाते भाऊ, हिशेब मागायचाच आहे, आमच्या कॉलनीत त्यासाठी दोन बैठका झाल्या आणि मी दोन्हींना होते. पण हिशेब मिळेपर्यंत गाळ घरात ठेवता येत नाही हो. सुकला की फरशीवर सिमेंटसारखा बसतो. तो वाद दुसरीकडे घाला, मी येते तिथे भांडायला.

पिंट्या, मी कॉर्पोरेशन कॉलनीतली. तळमजला. जरा लांबण लागेल, पण वाच.

आमच्याकडेही महालक्ष्म्या बसतात, सासूबाईंच्या सासूबाईंपासून. त्या रात्री चाळीस पानं उठली, भांडी झाली, बारा वाजता पाठ टेकली. पहाटे पाय खाली ठेवला तर घोट्यापर्यंत पाणी. मला वाटलं बाथरूमचा नळ राहिला. नंतर पेपरात वाचलं की चार तासांत शंभर मिलिमीटरच्या वर पाऊस झाला. तेव्हा एवढंच दिसलं की पाणी नळातून नाही, दाराच्या फटीतून येतंय. सासूबाई ब्याऐंशीच्या. त्यांना मी आणि मुलाने खुर्चीसकट जिन्यावर नेलं, आणि परत खाली येते तो पाणी कमरेला. आतल्या खोलीत फ्रीज आडवा होऊन तरंगत होता. फ्रीज तरंगतो हे मला रिटायर झाल्यावर कळलं, आणि बत्तीस वर्षं मी पोरांना आर्किमिडीज शिकवला.

महालक्ष्म्यांपर्यंत जाता आलं नाही. त्यांच्या वर टांगलेला फुलोरा तेवढा कोरडा राहिला. करंज्या, पापड्या, सगळं जिथल्या तिथे, आणि खाली काहीच नाही.

शनिवारी दुपारनंतर पाणी उतरलं. गाळ दिसायला पिठल्यासारखा गुळगुळीत, पण आत काचा, खिळे, आणि वास गटाराचा. रविवारी सकाळी नऊ-दहा पोरं आली. कोण, कुठली, आजही माहीत नाही. फावडी, घमेली, वायपर त्यांचेच. संध्याकाळी चारला मला माझी फरशी दिसली. त्या पोरांना मी कधी विसरणार नाही.

पण मला तुला दुसरंच सांगायचं आहे. ती पोरं शहाणी होती, न विचारता एक वस्तू हलवत नव्हती. ‘काकू, हे फेकायचं?’ आणि मी म्हणायचे, ‘हो, फेक.’ गादी, फेक. कुशन, फेक. कपाटाचा खालचा खण, फेक. दोन रात्री झोप नाही, पोटात अन्न नाही. त्या दिवशी मला कोणी विचारलं असतं की काकू, चहा घेता का, तर त्यालाही मी फेकच म्हटलं असतं. ओल्या साडीचा चिखलाने माखलेला एक गोळा होता. तो उचलून एकाने विचारलं. मी बघितलं सुद्धा नाही.

थोरलीचा मुखवटा मंगळवारी कुलरच्या मागे सापडला. धाकटीचा त्या गोळ्यात होता. पितळी, सासूबाईंच्या सासूबाईंनी भंडाऱ्याहून आणलेला.

दोष पोरांचा नाही. म्हणूनच सांगते, तुम्ही जाल तेव्हा विचारा, पण पहिलं ‘हो’ धरू नका. गाळ फेका, फुटकी काच फेका. बाकी ज्याला आकार आहे ते सगळं अंगणात ताडपत्रीवर मांडा आणि दुसऱ्या दिवशी परत विचारा. माणूस एक झोप काढून आलं की त्याचं उत्तर बदलते. ‘ताई, हे उद्या बघू’ एवढं म्हणणारा एक माणूस गटात ठेवा. त्याने फावड्याला हात नाही लावला तरी चालेल.

आता तुझे प्रश्न.

उशीर झालेला नाही. रस्त्यावरून पाहिलं तर सगळं आटोपलेलं दिसतं, फाटकं धुतलेली, अंगणात दोऱ्या. आत जा. मागच्या खोलीचं दार फुगून बसलंय, ते अजून कोणी उघडलेलं नाही. ओट्याखालचे कप्पे, जमिनीतली पाण्याची टाकी, पलंगाचे खण, कुलर. रविवारी आलेली पोरं मंगळवारी कामाला गेली, त्यांनीही पोट भरायचं आहे. आमच्या ओळीत सहा घरं, त्यांपैकी चार घरांत फक्त म्हातारी माणसं. मुलं पुण्यात नाहीतर परदेशात, रोज फोन करतात. फोनवरून कपाट सरकत नाही.

तुझ्या मित्राला सांग, बंगला मालकाचा असतो, तळमजला बरेचदा भाडेकरूचा असतो, आणि मागची खोली कामवालीची. शिवाय नाल्याच्या कडेला ज्या बारक्या ओळी आहेत तिथे पाणी आमच्या आधी शिरलं आणि मदत आमच्या नंतर पोचली. आधी तिथे जा, मग आमच्याकडे या, मी रागावणार नाही.

कपड्यांची पोती नको. इथे स्वतःचेच कपडे वाळवायला दोरी उरली नाही, त्यात दुसऱ्यांचे निवडत कोण बसणार? पण त्यात आईच्या जुन्या सुती साड्या असतील तर फाडून फडकी करून आण. आणि रद्दी आण. हसू नको, जेवढी मिळेल तेवढी आण. एक मुलगी आली होती, कॉलेजातली असावी, ती दिवसभर फक्त कागदांपाशी बसली. ओला कागद जोर लावून सोडवायचा नाही, उन्हात टाकायचा नाही. सावलीत, मध्ये वर्तमानपत्र घालून, दर दोन तासांनी वर्तमानपत्र बदलायचं. एका दिवसात जेवढं होणार नाही ते प्लॅस्टिकच्या पिशवीत घालून फ्रीझरमध्ये ठेवायचं, म्हणजे बुरशी धरत नाही आणि मग सवडीने एकेक काढता येते. सध्या वरच्या वहिनींच्या फ्रीझरमध्ये मटाराच्या शेजारी माझ्या मुलाची दहावीची गुणपत्रिका आणि घराचं खरेदीखत आहे.

अजून एक. भिंत पुसण्याआधी पाण्याची रेघ दिसेल असा फोटो काढा, शेजारी माणूस उभा करून. घरटी दहा हजार, दुकानाला पन्नास हजारांपर्यंत, टपरीला दहा हजार जाहीर झालेत, पण पंचनाम्याच्या वेळी ‘पाणी कुठवर होतं’ विचारतात आणि लोकांनी तोवर भिंती चकाचक केलेल्या असतात. स्वच्छतेची हौस आम्हांला अशी नडली.

---

संत्रावाला_काका

बाईंनी बरोबर सांगतलं. मी नरखेड तालुक्यातला. ३० जुलै १९९१ ले मोवाडात वर्धा नदी शिरली, २०४ माणसं गेली. मी तवा बावीस वर्षांचा. आमच्या गावाहून ट्रॅक्टर घेऊन गेलो होतो.

पोट्टेहो, बिस्किटाचं मी काही बोलत नाही, तुमच्याच कामात येतीन. पह्यल्या आठवड्यात तिथं चारी बाजूनं जेवण येऊन राह्यलं होतं. खिचडीचे गंज उतरवायले जागा नव्हती, अर्धी खिचडी आंबली. अन् तिसऱ्या आठवड्यात एक गंज दिसत नव्हता. म्हणून म्हणतो, आठ जण दोन दिवस एकदम जाण्यापक्षा चार-चार जण दर रविवारी जा, दिवाळीपर्यंत.

दुसरं. आपण ठरवून गेलेलं काम अन् त्याले पाह्यजे असलेलं काम, हे एकच असते असं नाही. मी फावडं घेऊन गेलो होतो. एका म्हाताऱ्यानं मले सांगतलं, “माती राहू दे बापू. नदीच्या खालच्या अंगाले माझा बैल कुठं लागला काय, तेवढं पाह्यून ये.” मी दोन दिवस गावोगाव हिंडलो. बैल भेटला नाही. येऊन सांगतलं तर म्हणाला, “बरं झालं, आता दावं सोडतो.” तवापर्यंत त्यानं खुंट्याचं दावं तसंच ठेवलं होतं.

तुमच्या तिकडं बैल नसतीन, पण स्कूटर, मोटारसायकली वाह्यल्या आहेत. नंबर लिहून घ्या अन् नाल्याच्या कडेनं खाली पाहत जा. इन्शुरन्सवाले गाडी दाखवा म्हणतात.

---

रात्रपाळीची_डॉक्टर

घाईत लिहितेय. चपलेवर जाऊ नका, गमबूट घाला. हातात जाड रबरी मोजे, कापडी नाही. धनुर्वाताचं इंजेक्शन कधी घेतलं आठवत नसेल तर जाण्याआधी घ्या. या गाळात उंदरांचं मूत्र असतं, त्यातून लेप्टोस्पायरोसिस होतो, आणि तो शिरतो पायाच्या छोट्याशा चिरेतून. जखम असेल त्याने चिखलात उतरू नये, कागदांपाशी बसावं. प्रतिबंधक गोळी असते, ती आपल्या डॉक्टरला विचारूनच. परत आल्यावर दोन-तीन आठवड्यांत ताप, पिंढऱ्या दुखणं, डोळे लाल असं काही झालं तर “पुराच्या चिखलात काम केलं होतं” हे वाक्य डॉक्टरला आधी सांगा. लोक ते सांगतच नाहीत, आणि आम्ही डेंग्यू शोधत बसतो.

ब्लीचिंग पावडर आणि संडास धुवायचं ॲसिड एकत्र करू नका. क्लोरीन वायू होतो. कालच खोकून बेजार झालेला एक पेशंट पाहिला. जमिनीतल्या टाकीत एकट्याने उतरायचं नाही.

---

वायरमन_भाऊ

आणि मेन स्विच बंद असल्याशिवाय घरात पाय नाही. ‘चालतो का बघू’ म्हणून फ्रीज, मोटार, मिक्सर लावू नका. आत ओल असते, लावला की जळला. आधी उघडून वाळवा. आठवड्यात अशा जळलेल्या बारा मोटारी पाहिल्या, वाळवल्या असत्या तर अर्ध्या वाचल्या असत्या.

---

मानेवाड्याचा_पिंट्या (मंगळवार, ३ ऑक्टोबर, रात्री)

जाऊन आलो. आठातले पाच उरलो. एकाला घरी काम निघालं, दोघांनी फोन उचलला नाही. इतवारीतून पाच जोड गमबूट घेतले. शेजाऱ्यापाजाऱ्यांकडून रद्दी जमवली, ती पस्तीस किलो निघाली. रद्दीवाला आमच्याकडे असा पाहून राहिला होता जसा त्याचा धंदाच बसवला.

पहिल्या घरी एका आजोबांनी फाटकातूनच परत पाठवलं. “झालं सगळं, धन्यवाद.” बाईंचं आठवलं म्हणून दुसऱ्या दिवशी परत गेलो. या वेळी चहा दिला, काम नाही दिलं. निघताना म्हणाले, रविवारी या.

नाल्याकडच्या एका ओळीत इस्त्रीवाल्या दादांकडे दीड दिवस गेला. हे आम्ही ठरवलेलंच नव्हतं. त्यांच्या टपरीत लोकांचे साठ-सत्तर कपडे होते, सणाचे दिवस म्हणून जास्तच. सगळे चिखलात. दादा आणि वहिनींनी आठवडाभर नळावर एकेक कपडा धुऊन काढला होता. पण कोणता कोणाचा याच्या चिठ्ठ्या विरघळल्या, आणि वहीचा लगदा झालेला. दादा स्वतःचं नुकसान सांगतच नव्हते. इस्त्रीचं टेबल गेलं, कोळसा गेला, त्याचं काही नाही. एकच धरून बसले होते, “लोकांचे कपडे आहेत, माझ्यावर नाव येईल.” आम्ही दोन विजेच्या खांबांमध्ये दोरी बांधली, सगळे कपडे टांगले, एकेकाचा फोटो काढून नंबर दिला आणि जवळच्या कॉलनीच्या ग्रुपवर टाकले. संध्याकाळपर्यंत एकेचाळीस कपडे ओळखले गेले. एक काकू येऊन आपला ड्रेस घेऊन गेल्या आणि इस्त्रीचे पैसे देऊन गेल्या, इस्त्री झालेली नसताना. एक साहेब मात्र शर्टावर डाग राहिला म्हणून दादांना बोलून गेले. आमच्यातला जो ‘बंगलेवाले’ म्हणत होता त्याने त्यांना काही बोलू नये म्हणून मी त्याला चहा आणायला पाठवलं. दादांचा पंचनामा झाला नव्हता. आधारची झेरॉक्स, पासबुक, टपरीचे फोटो असं सगळं लावून अर्ज भरून दिला. बिस्किटं त्यांच्या पोरांनी आणि आम्ही मिळून संपवली. काका, तुमचं खरं निघालं.

सोमवारी दुपारी विज्ञानबाईंकडे गेलो. मागची खोली उघडली, दार दोघांनी खांद्याने ढकललं. आकार असलेलं सगळं ताडपत्रीवर मांडलं, कोणी काही फेकलं नाही. काकूंनी स्वतः एक पत्र्याचा डबा फेक म्हटलं, तर आमचा ‘उद्या बघू’वाला म्हणाला, काकू, उद्या बघू. त्या हसल्या आणि मग आत जाऊन बसल्या जरा वेळ.

धाकटीच्या मुखवट्यासाठी जवळच्या तीन भंगारवाल्यांकडे विचारून आलो. पितळ म्हटल्यावर ते आधी वजनच विचारतात. दोघांनी ‘दिसलं तर ठेवतो’ म्हटलं, तिसऱ्याने नंबर घेतला. मूळ साडी कोणत्या रंगाची होती ते काकूंनी सांगितलंय, हिरवी, लाल काठाची.

---

निवृत्त_विज्ञानबाई

त्या डब्यात सासूबाईंच्या चष्म्याच्या काड्या आणि १९८४ पासूनची विजेची बिलं निघाली. बिलं आज फेकली. काड्या त्यांनी ठेवून घेतल्या.

---

मानेवाड्याचा_पिंट्या

एक राहिलं. काकूंच्या कुलरची टाकी आम्ही अंगणात उलटी केली. तीन घमेली गाळ निघाला आणि त्यात एक लाटणं. काकू म्हणतात त्यांचं नाही. बाजूच्या दोन्ही घरी विचारलं, त्यांचंही नाही. शिसवी आहे, जड, आणि एका टोकाला नेलपेंटचा ठिपका आहे, बायका कार्यक्रमाला भांडी देताना खूण करतात तसा. रविवारी परत जाणार आहोत, तोवर माझ्याकडे आहे. अंबाझरीकडून कॉर्पोरेशन कॉलनीपर्यंत कोणाचं वाहून गेलं असेल तर ठिपक्याचा रंग सांगा आणि घेऊन जा.